सक्रियित कोळसा : पोटातला आणि पाण्याच्या टाकीतला

यंदाच्या स्मरणिकेसाठी ‘आपल्या विषयावर, पण घरातल्या सर्वांना वाचता येईल असे’ काही लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली. मूत्रपिंडाच्या रुग्णांत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्या वैद्याने मूत्रपिंडाविषयी लिहावे, ही अपेक्षा स्वाभाविक होय. तथापि मी विषय निवडला आहे तो कोळशाचा. या काळ्या पदार्थाशी माझा संबंध तीन ठिकाणी आला. प्रथम अपघात विभागात विषबाधेच्या रुग्णाच्या पोटात, नंतर डायलिसिस विभागाच्या पाण्याच्या टाकीत आणि शेवटी स्वतःच्या स्वयंपाकघरातील गाळणीत. तिन्ही ठिकाणी त्याचे नियम एकच आहेत, हे मला फार उशिरा उमगले. त्या विलंबाची किंमत काही रुग्णांना मोजावी लागली. म्हणून हा लेखप्रपंच.

कोळसा ‘सक्रियित’ होतो म्हणजे काय?

आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या पुस्तकात एकावर एक ठेवलेल्या मडक्यांचे चित्र पाहिले असेल. एका मडक्यात खडे, एकात वाळू आणि एकात कोळसा. ती कल्पना चुकीची नाही. मात्र शेगडीतला कोळसा आणि सक्रियित कोळसा यांत मोठे अंतर आहे.

दगडी कोळसा, लिग्नाइट, लाकूड किंवा नारळाची करवंटी हा कच्चा माल प्रथम हवेशिवाय तापवतात. त्यातील बाष्पनशील द्रव्ये निघून जातात व कार्बनाचा सांगाडा उरतो. मग सुमारे ८०० ते १००० अंश सेल्सिअस तापमानाला त्यावरून पाण्याची वाफ सोडतात. वाफ कार्बनाचा काही भाग खाऊन टाकते आणि सांगाड्यात असंख्य सूक्ष्म विवरे कोरली जातात. दुसऱ्या पद्धतीत फॉस्फोरिक आम्ल किंवा झिंक क्लोराइड यांसारखी रसायने कच्च्या मालात मुरवून तो कमी तापमानाला भाजतात. अशा प्रक्रियेने तयार झालेल्या एका ग्रॅम कोळशाचे अंतर्गत पृष्ठफळ सुमारे १००० चौरस मीटर भरते. कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. म्हणजे चिमूटभर कोळशात सात-साडेसात मैदाने घडी घालून ठेवलेली असतात, असे समजावे.

विवरांचा आकारही महत्त्वाचा आहे. करवंटीच्या कोळशात दोन नॅनोमीटरहून लहान अशी सूक्ष्म विवरे अधिक असतात. ती लहान रेणूंना सोयीची. दगडी कोळशात व लिग्नाइटमध्ये मध्यम विवरांचेही प्रमाण बरे असते. त्यामुळे रंगद्रव्यांसारखे मोठे रेणू आत शिरू शकतात. आमच्या वडोदऱ्याच्या दक्षिणेस, भरूच जिल्ह्यात राजपारडीला लिग्नाइटची खाण आहे. जमिनीतून निघणारा तो तपकिरी कोळसा आपण फक्त जाळण्याचा पदार्थ म्हणून ओळखतो. पण त्याच जातीचा कोळसा योग्य संस्कारानंतर पाणी शुद्ध करणारा पदार्थ होऊ शकतो.

शोषण नव्हे, अधिशोषण

स्पंज पाणी शोषून घेतो तेव्हा पाणी त्याच्या अंतर्भागात पसरते. कोळशाचे तसे नाही. विषारी रेणू त्याच्या पृष्ठभागावर येऊन चिकटतात. या क्रियेला अधिशोषण म्हणतात. फिनॉल, बेंझीन, कीटकनाशके, रंगद्रव्ये यांच्या रेणूंत बहुधा कार्बनाची वलये असतात आणि कोळशाचा पृष्ठभागही अशाच वलयांच्या पापुद्र्यांचा बनलेला असतो. दोहोंमध्ये क्षीण पण असंख्य आकर्षणे निर्माण होतात. शिवाय ज्या रेणूला पाण्यात विरघळून राहणे फारसे रुचत नाही, तो पाणी सोडून कोळशाचा आश्रय घेण्यास अधिक उत्सुक असतो. म्हणूनच बेंझिनाचा रेणू सहज पकडला जातो. उलट पाण्याशी पूर्णपणे समरस होणारे मिथेनॉल निसटून जाते.

या ज्ञानाचा इतिहास लांबचा आहे. १७८५ साली सेंट पीटर्सबर्ग येथे टोबियास लोविट्झ यांना कोळसा द्रावणाचा रंग काढून घेतो असे आढळले. साखर कारखान्यांनी हाडांचा कोळसा वापरून रस स्वच्छ करण्यास एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सुरुवात केली. १८३१ साली तुएरी या फ्रेंच औषधशास्त्रज्ञाने वैद्यकीय अकादमीसमोर कुचल्यातील स्ट्रिक्नीन हे विष प्राणघातक मात्रेच्या दहापट, १५ ग्रॅम कोळशासह गिळले आणि तो सुखरूप राहिला, असे वैद्यकाच्या इतिहासात नमूद आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी राफाएल फॉन ऑस्ट्रेइको यांनी कोळसा सक्रियित करण्याच्या पद्धतींची एकस्वे घेतली. १९१५ साली पहिल्या महायुद्धात विषारी वायूंचा वापर सुरू होताच हा कोळसा सैनिकांच्या मुखवट्यांत जाऊन बसला. पाणीपुरवठ्यात तो प्रथम आला तो मुख्यतः वास व चव सुधारण्यासाठी. पाण्यात फिनॉल असेल आणि त्यात क्लोरीन घातला तर क्लोरोफिनॉल बनते. त्याचा दवाखान्यासारखा वास अत्यल्प प्रमाणातही जाणवतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फिनॉलवर्गीय द्रव्यांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम आहे, यावरून त्याची कल्पना यावी.

तीन मर्यादा

डॉक्टर मंडळींना कोळशाची ओळख विषबाधेवरील औषध म्हणून असते. प्रौढास ५० ग्रॅम, बालकास दर किलो वजनास सुमारे १ ग्रॅम आणि शक्यतो विष घेतल्यापासून तासाभरात, हे आपण विद्यार्थिदशेत पाठ केले. त्या पाठांतरातच पाण्याच्या टाकीचे सर्व शास्त्र दडलेले आहे.

पहिली मर्यादा निवडीची. लोह, लिथियम, मद्यार्क, मिथेनॉल, तीव्र आम्ले व अल्कली यांवर पोटातील कोळसा उपयोगाचा नाही. पाण्यातही तसेच. क्षार, नायट्रेट, फ्लोराइड, पाण्याचा जडपणा यांना साधा कोळसा हात लावीत नाही आणि जंतू तर तो मारीतच नाही.

दुसरी मर्यादा वेळेची. विष आतड्यातून रक्तात गेल्यावर दिलेल्या कोळशाचा लाभ झपाट्याने घटतो. श्रीलंकेत साडेचार हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या व २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, एकदा वा वारंवार कोळसा देऊनही मृत्यूचे प्रमाण घटलेले आढळले नाही. ग्रामीण भागातून येणारे यांतील बरेच रुग्ण कीटकनाशक किंवा पिवळ्या कण्हेरीच्या बिया खाऊन, काही तास उलटल्यावर पोहोचत होते. पाण्याच्या टाकीत ‘वेळ’ म्हणजे संपर्ककाल. कोळशाच्या थराचे घनफळ भागिले पाण्याचा प्रवाह, इतके सोपे ते गणित. शहरांच्या जलशुद्धीकरणात हा काळ साधारण १० ते २० मिनिटे ठेवतात.

तिसरी मर्यादा जागेची. पोट अन्नाने भरलेले असेल तर कोळशाचा पृष्ठभाग अन्नातील द्रव्येच अडवून बसतात. नदीच्या पाण्यात कुजलेल्या पालापाचोळ्यापासून आलेली सेंद्रिय द्रव्ये विषापेक्षा कितीतरी अधिक असतात. ती तेच काम करतात. जागा संपली की नवा रेणू थेट पलीकडे जातो. कधी अधिक जोराने चिकटणारा रेणू आधीच्या रेणूला हुसकावून लावतो व तोही पाण्यात परततो. विशेष म्हणजे या क्षणी टाकी गळत नाही, पाणी गढूळ होत नाही, कोणतीही घंटा वाजत नाही.

दोन शहरांची उदाहरणे

१३ नोव्हेंबर २००५ रोजी चीनमधील जिलीन शहरात एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला व बेंझीन, नायट्रोबेंझीन यांसारखी द्रव्ये सोंगहुआ नदीत गेली. प्रवाहाच्या खालच्या अंगाला हार्बिन हे लाखो वस्तीचे शहर त्याच नदीचे पाणी पीत होते. शहराचा पुरवठा सुमारे चार दिवस बंद ठेवावा लागला. तेथील तंत्रज्ञांनी एक सुज्ञ निर्णय घेतला. कोळशाची पूड शुद्धीकरण केंद्रात टाकण्याऐवजी ती नदीतून पाणी उचलण्याच्या जागीच टाकली. केंद्रापर्यंतच्या लांब नळाच्या प्रवासात कोळशाला विषाशी भिडण्यास पुरेसा अवधी मिळाला. केंद्रातील गाळण्यांतही दाणेदार कोळसा भरण्यात आला. वेळेची मर्यादा त्यांनी ओळखली होती.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यातले. ९ जानेवारी २०१४ रोजी एल्क नदीकाठच्या एका साठवण टाकीतून दगडी कोळसा धुण्यासाठी वापरले जाणारे रसायन नदीत झिरपले. थोड्याच अंतरावर चार्ल्सटन शहराचे जलकेंद्र होते. तेथे कोळशाच्या गाळण्या होत्या. परंतु आलेल्या लोंढ्यापुढे त्यांची धारणशक्ती संपली व रसायन नळांत उतरले. सुमारे तीन लाख लोकांना ‘हे पाणी पिऊ नका, त्याने आंघोळही करू नका’ असे सांगण्याची वेळ आली. पुढे गाळण्यांतला सर्व कोळसा बदलावा लागला. कोळशाच्या व्यवसायातल्या विषाने कोळशाच्याच गाळणीला हरवले, असा हा विलक्षण प्रसंग.

आमची टाकी

परदेशातील उदाहरणे सांगणे सोपे असते. आता स्वतःचे सांगतो.

मी ज्या धर्मादाय रुग्णालयात डायलिसिस विभाग पाहत असे, तेथे आरंभी दोन यंत्रे होती. निरोगी मनुष्य आठवड्याला पंधरा-वीस लिटर पाणी पितो आणि त्याचे आतडे त्यातले काय घ्यावे, काय नाही याची निवड करते. डायलिसिसच्या रुग्णाचे रक्त मात्र एका चार तासांच्या बैठकीत सुमारे १२० लिटर पाण्याच्या सान्निध्यात येते. आठवड्याच्या तीन बैठका धरल्या तर ३६० लिटर. मध्ये असतो तो केवळ एक पातळ पडदा. म्हणून त्या पाण्यावर अनेक संस्कार करतात आणि त्यात कोळशाच्या टाकीचे काम क्लोरीन व क्लोरामाइन काढण्याचे असते. क्लोरामाइन हे सेंद्रिय द्रव्य नव्हे. कोळसा त्याला केवळ धरून न ठेवता पृष्ठभागावर त्याचे विघटन घडवतो. हे काम क्लोरिनाच्या मानाने सावकाश होते आणि सेंद्रिय द्रव्यांनी पृष्ठभाग व्यापला असेल तर आणखीच मंदावते. क्लोरामाइन पुढच्या आरओ पडद्यातूनही पार होते. म्हणजे कोळसा चुकला की मागे कोणी नाही.

आमच्या टाकीत २५ लिटर कोळसा होता व प्रवाह तासाला २५० लिटर. संपर्ककाल सहा मिनिटे झाला. पुढे दानशूर व्यक्तींच्या कृपेने यंत्रे वाढली, प्रवाह तासाला ५०० लिटर झाला. टाकी तीच राहिली. संपर्ककाल तीन मिनिटांवर आला. आवश्यक असतो तो १० मिनिटे, तोही एकापाठोपाठ बसवलेल्या दोन टाक्यांत मिळून. हे भागाकाराचे गणित आमच्यापैकी कोणीच केले नाही. नव्या यंत्रांच्या उद्‌घाटनाचे छायाचित्र मात्र भिंतीवर लागले.

२००७ सालच्या पावसाळ्यात पाच रुग्णांचे हिमोग्लोबिन उतरू लागले. नऊवर असलेले सातच्या खाली गेले. मी एरिथ्रोपोएटिनची मात्रा वाढवली, शिरेतून लोह दिले, पोटात रक्तस्राव आहे काय ते तपासले. चौघांना रक्त चढवावे लागले. आमच्या विकृतिशास्त्रज्ञ बाईंनी रक्ताच्या काचपट्ट्या पाहून मला बोलावून घेतले. त्या म्हणाल्या, “डॉक्टर, रक्त बाहेर कुठे जात नाहीये. आतच फुटतंय. आणि पाचही जणांत एकच चित्र आहे. या पाचांत समान काय आहे ते पाहा.”

औषधे समान नव्हती, आजार समान नव्हते. समान होते ते पाणी.

पावसाळ्यात कच्च्या पाण्यात अमोनिया व सेंद्रिय द्रव्ये वाढतात, जंतुनाशासाठी क्लोरीनही वाढवावा लागतो आणि दोहोंच्या संयोगाने क्लोरामाइन तयार होते. पिणाऱ्याला त्याचा त्रास नाही. परंतु डायलिसिसमध्ये ते रक्तपेशीत शिरून तिला आतून जाळते. टाकीनंतरच्या पाण्यात आम्ही प्रथमच एकूण क्लोरीन मोजला. क्लोरामाइनची सुरक्षित मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम, आमचा आकडा ०.६ निघाला. टाकीतील कोळसा तीन वर्षे बदललेला नव्हता. देखभालीच्या वहीत दर महिन्याला ‘ठीक’ असा शेरा होता आणि त्याखाली माझी सही होती.

त्याच दिवशी डायलिसिस थांबवून रुग्णांना अन्यत्र पाठवले. आठवड्याभरात दोन मोठ्या टाक्या एकापाठोपाठ बसल्या, दोहोंच्या मध्ये नमुना घेण्यासाठी तोटी बसली आणि प्रत्येक पाळीपूर्वी क्लोरीन मोजण्याचा नियम झाला. पहिल्या टाकीनंतरचा आकडा मर्यादा ओलांडतो तेव्हा दुसरी टाकी रुग्णाचे रक्षण करीत असते व आपल्याला कोळसा बदलण्यास अवधी मिळतो. दोन महिन्यांत पाचही जणांचे रक्त पूर्ववत झाले.

परंतु सर्वच पूर्ववत झाले नाही. त्या चौघांतील एका तरुणास त्याची आई मूत्रपिंड देणार होती. रक्त चढवल्याने परक्या ऊतींविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण होऊ शकतात, हे आपण जाणतोच. पुढच्या तपासणीत त्याचे व आईचे जुळले नाही. प्रत्यारोपण लांबले. त्या दोन पिशव्या रक्तामुळेच असे झाले, हे मी सिद्ध करू शकत नाही. झाले नाही, असेही म्हणू शकत नाही. मी त्या माऊलीला बोलावून टाकीची सर्व हकिगत सांगितली. त्या शांतपणे ऐकून म्हणाल्या, “साहेब, आता तरी रोज बघता ना?” आम्ही रोज बघतो, असे मी सांगितले. निवृत्त होईपर्यंत सकाळच्या पहिल्या पाळीचा तो आकडा मी स्वतः पाहत असे.

घरातील गाळणी

आपल्या वडोदऱ्याला श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत बांधलेल्या आजवा तलावाचे पाणी लाभले, पुढे महीचेही आले. १९६५ साली कोयालीचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला व त्यामागून रसायनांचे उद्योग आले. अनेकांच्या घरची चूल त्यावर पेटली. अशा औद्योगिक पट्ट्यात राहणाऱ्यांना सेंद्रिय प्रदूषकांविषयी किमान ज्ञान असावे, म्हणून काही सूचना देतो.

१. घरच्या शुद्धीकरण यंत्रातील कोळशाची कांडी ठरल्या मुदतीत बदलावी. ती उन्हात वाळवून किंवा उकळून पुन्हा ताजी होत नाही. मोठ्या केंद्रांत कोळसा पुनरुज्जीवित करतात तो भट्टीत, सुमारे ८०० अंशांच्या तापमानात.

२. पाण्यातील क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर कांडीची पारख करू नये. तो विद्युतवहन करणारे क्षार मोजतो. फिनॉल किंवा कीटकनाशक त्याला दिसत नाही.

३. कोळसा क्लोरीन काढून टाकतो, म्हणजे जंतूंचा पहारेकरीही काढून टाकतो. ओलसर कांडीत जंतू वाढू शकतात. गावाहून परतल्यावर पहिली काही मिनिटे पाणी वाहू द्यावे. जंतुनाशक अतिनील दिवा कोळशाच्या नंतर असावा.

४. पाण्याची धार जितकी जोरात, तितका संपर्ककाल कमी. अर्ध्या लिटरच्या कांडीतून मिनिटाला एक लिटर पाणी घेतले तर कोळशाला केवळ अर्धे मिनिट मिळते. धार बारीक ठेवावी.

५. कूपनलिकेच्या पाण्यास रंग किंवा रसायनाचा वास येत असेल तर घरच्या गाळणीवर विसंबू नये. उकळण्याने जंतू मरतात, पण अशी बहुतेक द्रव्ये तशीच राहतात. पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे व तोवर दुसरे पाणी वापरावे.

६. पोटातील वायूसाठी घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत कोळसा असतो. तो सोबतची औषधेही धरून ठेवू शकतो. दोहोंत काही तासांचे अंतर राखावे व आपल्या डॉक्टरांस विचारावे.

डॉक्टर बंधुभगिनींना एक अधिक विनंती. आपल्या रुग्णालयातील कोळशाच्या टाकीपाशी एकदा जाऊन उभे राहावे. तिचे घनफळ, पाण्याचा प्रवाह आणि कोळसा भरल्याची तारीख विचारावी. भागाकार स्वतः करावा. दोन किंवा अधिक रुग्णांत एकाच वेळी एकच न उलगडणारी गोष्ट दिसली, तर औषधाची मात्रा वाढवण्याआधी पाण्याकडे पाहावे.

आपल्या मंडळाच्या सभागृहातही थंड पाण्याचे यंत्र आहे. गणेशोत्सवात दहा दिवस लहानथोर त्याचे पाणी पितात. गेल्या सभेत मी त्यातील कांडी कधी बदलली ते विचारले, तेव्हा कोणालाच सांगता आले नाही. आता ती बदलली आहे व यंत्रावर तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आहे. ती तारीख उलटून गेलेली ज्यांना दिसेल, त्यांनी संकोच न करता कार्यवाहांना सांगावे, इतकीच प्रार्थना.